धाकटीला औषध फार लागतं

आमच्या पेडगावच्या घरात दोन आजारी बाया होत्या आणि दोघींचा आजार एकच होता, पण दोघींना शेजारी बसवलं तर ते कुणाला खरं वाटलं नसतं. एक माझी आई. अंगावर मांस म्हणून नाही, चोळीच्या बाह्या सैल पडलेल्या, गालाची हाडं वर आलेली. दुसरी माझी चुलती, आईची थोरली जाऊ, जिला मी मोठीआई म्हणायची. मोठीआई नावाला शोभेल एवढी मोठी होती. ती ओसरीवरून आत यायला लागली की स्वयंपाकघरातला उजेड कमी व्हायचा आणि ती स्वतःच म्हणायची, "सरका गं, आभाळ आलं." माझे वडील मी रांगत होते तेव्हाच गेले. मोठीआईला मूलबाळ झालं नाही. त्यामुळे मी एका घरात दोन आयांची एकुलती एक लेक होते, आणि खरं सांगायचं तर लाड मोठीआईनं केले आणि धपाटे आईनं घातले.

आमचं घर माळवदाचं होतं, जाड मातीच्या भिंतींचं, उन्हाळ्यात गार आणि बारा महिने अंधारं. त्या घराचा मला आठवतो तो आवाज म्हणजे भाकरी थापल्याचा. आई थापायची, मोठीआई चुलीपुढं पाटावर बसून भाजायची. एकीची थाप आणि दुसरीचं बोलणं असं तासभर चालायचं. जावाजावांचं पटत नाही असं सगळं जग म्हणतं, पण या दोघींचं एवढं पटायचं की गावातल्या बायकांना त्याचा वीट आला होता. साडी आली की सारखी दोन. हुरड्याचं ताट आलं की आधी आईपुढं सरकवलेलं. आई विधवा म्हणून काही कमी पडू नये याचा मोठीआईला ध्यासच होता. मोठीआईची माया जेवणाच्या ताटातून उतू जायची. "अजून घे" हे तिचं बोलणं सुरू करायचं आणि संपवायचंही वाक्य होतं. करडईच्या तेलातली शेंगदाण्याची चटणी, अंबाडीची भाजी, तुरीचं घट्ट वरण, आणि "अजून घे".

आजार आधी आईला लागला. ती पाणी प्यायला लागली. माठ दुपारपर्यंत रिकामा व्हायचा आणि आई पुन्हा विहिरीवर. खायचीही भरपूर, आणि वाळतही चालली होती. मग मोरीला मुंग्या लागल्या. माझे चुलते, आबा, यांनी ते पाहिलं आणि काही न बोलता दुसऱ्या दिवशी छकडं जुंपून आईला परभणीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. गावात हे कळल्यावर एक म्हातारी आईला म्हणाली, "आगं, साखर डोळ्यानं बघितली का तुमी कधी? आपण तर गूळ खातोय." आईही हसली होती तेव्हा. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं बघायचं म्हटलं, म्हणून मोठीआईचंही बघितलं, तर तिच्याकडे आईपेक्षा जास्त साखर निघाली. त्या दिवशी मोठीआई फुशारकीनं म्हणाली, "बघ धाकटे, इथंबी मीच थोरली."

डॉक्टर हैदराबादचे होते. उंच, शेरवानी घालणारे, रोग्यांकडून मराठी शिकलेले. त्यांची मराठी आमच्यासारखीच होती, फक्त मध्येच तिला उर्दूची फोडणी बसायची. जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दवाखान्याला सुट्टी असायची, त्या दिवशी ते टांगा करून आमच्याकडे यायचे. आबांशी त्यांचा स्नेह जमला होता. इन्सुलिनच्या बाटल्या हैदराबादेहून रेल्वेनं यायच्या, त्या आम्ही माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचो. टोचणार कोण हा प्रश्न आला. परक्या पुरुषापुढं मांडी उघडी करायला दोघीही तयार नव्हत्या. तेव्हा मोठीआई म्हणाली, "मला दाखवा. मी करते." डॉक्टरांनी दाखवलं. काचेची पिचकारी उकळायची, बाटलीतून औषध ओढायचं, पिचकारीवरच्या रेघा मोजायच्या, चिमटीत कातडी धरून टोचायचं. मोठीआईचा हात जड होता असं सगळ्यांना वाटायचं, पण आई, जी तिला अक्का म्हणायची, ती सांगायची की अक्कांनी टोचलेलं कळतसुद्धा नाही. रोज सकाळी आधी आईला, मग स्वतःला.

डॉक्टर आले की दोघींची लघवी एका निळ्या पाण्यात घालून नळीत तापवायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा झाला तर थोडी. विटेसारखा लाल झाला तर फार. आईची नळी थोड्याशा औषधावरच लालाची हिरवी झाली. मोठीआईची मात्र लालच. डॉक्टरांनी तिचं औषध वाढवलं. लालच. अजून वाढवलं. तरी लाल. शेवटी आईला पिचकारीच्या तळाशी थोडंसं आणि मोठीआईला जवळजवळ गळ्यापर्यंत, असा फरक पडला, तरी नळीचा रंग हटेना. डॉक्टरांना याचं फार कुतूहल वाटू लागलं. त्यांनी आबांना सांगितलं की परदेशात कुणीतरी असं शोधलंय की हा आजार एक नाही, दोन असावेत. काहींच्या शरीरावर इन्सुलिन झटकन काम करतं, काहींच्या शरीरावर करतच नाही, आणि ते मोजता येतं. "तुमच्या घरात दोन्ही आहेत, आबासाहेब," ते म्हणाले. "एका चुलीवरचं खाणाऱ्या दोघी. मला मोजू द्या. मग कुणाला किती द्यायचं ते नक्की सांगता येईल." आबा हो म्हणाले. आंधळ्यासारखं औषध वाढवत जाण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना वाटलं, आणि मलाही आज तेच वाटतं. डॉक्टरांच्या हेतूत काही खोट नव्हती.

मोजायचं तर आधी वजन पाहिजे. घरात धान्याचा तराजू होता, त्यात आई कशीबशी मावली असती, मोठीआई नाही. तेव्हा स्टेशनाजवळच्या कापसाच्या वखारीतला मोठा काटा ठरला. आबांनी हमालांना बाहेर काढलं, दारावर गोणपाटाचा पडदा बांधला, आणि आम्ही बायका आत गेलो. आई पारड्यात बसली तेव्हा समोरच्या पारड्यातली वजनं काढता काढता वखारवाल्या व्यापाऱ्याची बायको दमली. मोठीआई बसली तेव्हा साखळ्या करकरल्या आणि ती पारड्यातून ओरडली, "आवो, कापसाच्या भावानं इकू नका मला!" बाहेर उभे असलेले आबासुद्धा हसले. आई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आई अशी हसताना मी नंतर पाहिली नाही, म्हणून ती वखार मला अजून लख्ख दिसते. कापसाचे कण उडत होते आणि दोघींच्या डोक्यांवर पांढरे कपटे अडकले होते.

पुढच्या जुम्म्याला डॉक्टर त्यांची पेटी घेऊन सकाळीच आले. दोघींनी काही खाल्लेलं नव्हतं. त्यांनी वजनाच्या हिशेबानं साखरेचं पाणी करून दोघींना प्यायला दिलं आणि त्याच हिशेबानं औषधही टोचलं. मग मधूनमधून बोटाला टोचून रक्ताचे थेंब छोट्या बाटल्यांत घेत राहिले. मोठीआई पाटावर मांडी घालून जांभया देत होती, मध्येच मला सांगत होती की भाजीला फोडणी दे. आई मात्र थोड्या वेळानं गप्प झाली. तिच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. "भूक लागलीय हो," एवढंच ती म्हणाली. डॉक्टरांनी लगेच थांबवलं आणि तिला जेवायला वाढायला लावलं. जेवल्यावर ती पुन्हा बोलायला लागली. उपाशीपोटी रक्त काढल्यानं तिला घेरी आली असं आम्ही सगळे धरून चाललो. डॉक्टर म्हणाले, परभणीला जाऊन रक्त तपासतो, मग सांगतो. तोवर आहे तेच चालू ठेवा.

त्या आठवड्यात आबांना परभणीला कोर्टाचं काम निघालं. ते दवाखान्यात डोकावले. तापाची साथ होती, व्हरांड्यात रोगी जमिनीवर झोपलेले होते आणि डॉक्टरांना मान वर करायला फुरसत नव्हती. तरी आबांना पाहून ते बाहेर आले आणि घाईनं म्हणाले, "आबासाहेब, बरोबर निघालं. बडे बाईंना दवा लागत न्हाई. छोटे बाईंना लय लागते. संभाळा. मी जुम्म्याला येतोच, सगळं समजावून सांगतो." आणि आत गेले.

आबांनी तो निरोप जसाच्या तसा घरी आणला. त्यात त्यांनी एक अक्षर घातलं नाही की गाळलं नाही. संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगितलं, "मोठीला औषध लागत न्हाई म्हणाले. धाकटीला लय लागतं. संभाळा म्हणाले."

मोठीआईनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. "म्हंजे माझी सुई सुटली?"

"तसंच दिसायलंय."

ती खूश झाली, पण क्षणभरच. लगेच तिनं आईकडे पाहिलं. "आन हिला कशानं लय लागतं? एवढीशी काडी ही."

"असू द्या अक्का," आई म्हणाली. "तुमचं सुटलं ते बरं झालं."

"माझ्या वाट्याचं हाय की मग. वाया कशाला घालायचं? उद्यापासून माझंबी तुलाच देते."

आई हसून म्हणाली, "तुमच्या वाट्याचं मी कवा खाल्लं न्हाई?"

आम्ही चौघं तिथं बसलो होतो. चुलीत तुराट्या जळत होत्या, अंगणात बैल रवंथ करत होते, आणि कुणालाही त्या वाक्यात काही वावगं ऐकू आलं नाही. आज मी स्वतः रोज सकाळी पोटाला इन्सुलिन टोचून घेते. माझ्या नातीच्या वयाची डॉक्टरीणबाई आहे, ती कागदावर आकडे काढून मला समजावते. मागे एकदा ती सहज म्हणाली, "आजी, तुमचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही." दाद देत नाही. इतका साधा शब्द. तो त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणाच्या तोंडी आला असता तर! पण आपल्या बोलण्यात भांग लागते, दारू लागते, ऊन लागतं, तसं औषधही लागतं; आणि घर बांधायला लाकूड लागतं, भाकरीला पीठ लागतं, तसंही औषध लागतं. डॉक्टर पहिलं बोलले आणि आबांनी दुसरं ऐकलं. उर्दूतही ते तसंच म्हणतात, तेव्हा डॉक्टरांच्या मराठीला बोल लावता येत नाही. मी पुष्कळ वर्षं कुणाला तरी बोल लावायला माणूस शोधत होते. सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीआईनं पिचकारी उकळली. आधी आईच्या वाट्याचं टोचलं, मग पुन्हा भरून स्वतःच्या वाट्याचं. आजार वाढलाय म्हणून तिनं आईची भाकरीही कमी केली. अर्धी-चतकोर आणि ताक, बस. थंडीचे दिवस होते. आई आणि मी जात्यावर तूर भरडायला बसलो. एका खुंट्याला दोघींचे हात. आई ओव्या म्हणत नसे, नुसती गुणगुणायची. थोड्या वेळानं गुणगुणणं थांबलं. मग माझ्या हाताखालचा तिचा हात ओला लागला. मी वर पाहिलं तर एवढ्या थंडीत तिच्या गळ्यावरून घामाच्या धारा चालल्या होत्या.

"आई, काय झालं?"

"काय न्हाई. दळ." पण तिचा हात खुंट्यावरून घसरला, पुन्हा धरला, पुन्हा घसरला.

मी मोठीआईला हाक मारली. ती आली, आईला भिंतीला टेकवून बसवलं, पदरानं घाम पुसला. आई तिच्याकडे बघून लहान पोरीसारखं हसायला लागली आणि मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारायला लागली. मग एकाएकी तिनं मोठीआईचा पदर धरला. "अक्का, गूळ द्या. गुळाचा खडा द्या मला."

"विख मागायलीस का?" मोठीआईनं तिचा हात कुरवाळला. "न्हाई द्यायची मी. आजार चढायलाय तुझा. पड जरा."

"खडा द्या हो अक्का. एवढुसा."

मोठीआई रडत होती आणि देत नव्हती. शिंक्यावर गुळाची ढेप होती, आम्हा तिघींच्याही डोक्यावर. मला ते लिहिताना आजही हात थांबवावा लागतो. पुढं आई मागायची बंद झाली. डोळे मिटले, श्वास घोरल्यासारखा यायला लागला, मधूनच हातपाय झटके देत. आबांनी छकडं जुंपलं आणि ते स्वतः बैल पळवत परभणीला गेले. मोठीआई आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "औषध कमी पडलं का गं?" असं ती मला एकदा विचारत होती, एकदा भिंतीला.

दिवेलागणीला डॉक्टर आले. त्यांनी आईची पापणी उचलून पाहिली, आणि मग ते इतक्या जोरात ओरडले की मी दचकले. "शक्कर! शक्कर आणा, जल्दी!" मी धावत वाण्याकडून साखर आणली. त्यांनी ती पाण्यात कालवून आईच्या ओठांच्या आत बोटानं लावली, मग पेटीतून काचेची कुपी फोडून तिच्या दंडाच्या शिरेत औषध सोडलं. मोठीआई तिचं डोकं धरून बसलेली, सगळं बघत होती. आईचा श्वास जरा सरळ झाला. मला वाटलं, उठेल. डॉक्टर तिच्याजवळून रात्रभर हलले नाहीत. ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या वेळेला गेली.

आईला उचलायच्या आधी डॉक्टरांनी आबांना दाराजवळच्या ढाळजेत बोलावलं. मी पाणी घेऊन गेले होते, मला कुणी जा म्हटलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, किती दिलं होतं. आबांनी सांगितलं. डॉक्टर भिंतीला पाठ लावून खालीच बसले. त्यांचा रुमाल ओला झाला होता. त्यांनी हळूहळू सांगितलं की आईच्या अंगात ते औषध आगीसारखं काम करायचं, तिला थोडंसंच पुरायचं, आणि मोठीआईच्या अंगावर ते चालायचंच नाही, म्हणून तिला भरपूर द्यावं लागायचं. त्यांना हेच सांगायचं होतं. जुम्म्याला यायचं होतं. "मी म्हटलं होतं संभाळा," ते म्हणाले.

"आमी संभाळलंच की," आबा म्हणाले. मग डॉक्टरांच्या गुडघ्याला हात लावून म्हणाले, "साहेब, एक करा. हे आमच्या हिला सांगू नका. हिच्या हातानं झालंय. हिला कळलं तर ही आजच विहीर जवळ करंल." मग माझ्याकडे वळले. "गोदे, तूबी न्हाई." मी मान हलवली. माझी आई आत निजलेली होती आणि मी दुसरी आई वाचवायला मान हलवली. पंधरा वर्षांची होते मी. याहून वेगळं काय करायला हवं होतं ते मला आजही ठाऊक नाही.

मोठीआईनं पिचकारी फडक्यात गुंडाळून उतरंडीच्या खालच्या मडक्यात टाकली. महिन्याभरानं डॉक्टरांनी तिला समजावलं की औषध सुरू करायला पाहिजे, भरपूर घ्यायला पाहिजे. ती शांतपणे म्हणाली, "तुमीच म्हणाला व्हता, मला लागत न्हाई." डॉक्टरांनी आबांकडे पाहिलं. आबांनी खाली पाहिलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत बदलली आहे, आता गरज आहे. "मला न्हाई गरज," ती म्हणाली. तिला पटवायचं तर 'लागत नाही'चा खरा अर्थ सांगावा लागणार होता. तो सांगितला की 'फार लागतं'चा अर्थ तिला आपोआप कळणार होता. एकाच वाक्याचे दोन तुकडे होते, एक उघडून दुसरा झाकून ठेवता येत नव्हता. त्यामुळे आम्ही तिघं गप्प बसायचो, आणि तिची नळी लाल ती लालच. आबांच्या समोर ती अधूनमधून म्हणायची, "धाकटीला औषध कमीच पडलं बघा. अजून दिलं असतं तर वाचली असती." आबा उठून बाहेर जायचे. मी तिचा राग राग करायची त्या वेळी. मी आईला विसरायला बघते आहे तर ही रोज तेच उकरते असं वाटायचं.

माझं लग्न होऊन मी पालमला गेले. दर दिवाळीला यायची तेव्हा मोठीआई थोडी कमी झालेली असायची. अंग उतरलं, नजर अधू झाली. दाणे निवडायला घेतले तर खडे राहायचे. मग आबा गेले, चार दिवसांच्या तापानं. दिवस वाईट होते. गावोगाव लुटालुटीची धास्ती होती, संध्याकाळनंतर कुणी घराबाहेर पडत नव्हतं, तरी मी सासऱ्यांना घेऊन छकड्यानं आले. आबांचं सगळं उरकलं. तेव्हा मी मोठीआईचा पाय पाहिला. अंगठ्याजवळ जखम होती, काळी पडलेली, आणि तिला ती दुखतही नव्हती. मी घाबरले. पायाला तेल लावायच्या निमित्तानं मी तिच्याजवळ बसले आणि ठरवलं की आता सांगायचंच. आबा आता नव्हते, आणि ही अशी डोळ्यांदेखत जायला लागली होती.

"मोठीआई," मी म्हटलं, "त्या वेळचं तुला एक सांगायचंय. डॉक्टर जे म्हणाले होते ना, लागत नाही म्हणून..."

"ठाऊक हाय मला."

मला वाटलं, ती दुसरंच काही बोलतेय.

"आगं, जिला साखरेचा आजार, तिच्या तोंडात डॉक्टर साखर घालायला लागला. मी काय आंधळी व्हते? तवाच कळलं. ती गूळ मागत व्हती, आन मी..." तिनं माझ्या हातातली तेलाची वाटी खाली ठेवली, सांडेल म्हणून. "लय लागतं म्हंजे काय, ते तिच्या गार हातानं सांगितलं मला."

"मग तू बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

"त्यो निरोप कुणी आणला व्हता?" ती म्हणाली. "तुझ्या आबांनी. त्यांना वाटायचं मला ठाऊक न्हाई, म्हणून ते जेवायचे तरी. मला कळलंय असं त्यांना कळलं असतं तर त्यांनी अन्न सोडलं असतं. म्हणून म्हणायची मी, कमी पडलं, कमी पडलं. तेवढंच त्यांना बरं वाटायचं, की हिला काय कळलं न्हाई."

"आणि औषध? ते का नाही घेतलंस?"

तिनं जखमेचा पाय लुगड्याखाली ओढून घेतला. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आई गेली तेव्हा मी इतकी रडले नव्हते. मी आणि आबा तिला जपत होतो असं मला वाटत होतं, आणि ती एकटी आम्हा दोघांना जपत होती, स्वतःचे डोळे आणि पाय देऊन. मग डोळे पुसून मी म्हटलं, आता आबा नाहीत, आता कुणापासून लपवायचं नाही, आता तरी घे.

"घेते," ती म्हणाली. एवढ्या सहज म्हणाली की माझा विश्वास बसेना. मी उठले. डॉक्टर अजून परभणीलाच होते, त्यांच्याकडून औषध आणायला सकाळीच माणूस पाठवता येणार होता. पालमला सासूबाईंच्या आजारात मी टोचायला शिकले होते. मी तिला सांगितलं, सगळं मी करीन, तुला कळणारसुद्धा नाही.

तिनं माझं मनगट धरलं. नजर धड नव्हती तरी बरोबर धरलं.

"तू न्हाई गोदे. डॉक्टरला बोलाव, न्हाई तर कंपौंडर येऊ दे, आता कसली लाज. पर तुझ्या हातानं न्हाई घ्यायची मी." मी का म्हणून विचारलं तेव्हा ती माझा हात उलटा करून तळव्यावरून बोटं फिरवत राहिली. "कमी-जास्त झालं तर हा हात तुला जन्मभर संगं वागवावा लागतो, बाई."

मी तिचा हात सोडवून घेतला नाही. सासऱ्यांना आतूनच हाक मारली आणि सांगितलं, उजाडताच छकडं जुंपा, परभणीहून डॉक्टरांना आणायचंय.